एलडॅप साइनिंग सक्तीचं करताना आलेला अनुभव

सिक्युरिटी ऑडिटच्या रिपोर्टमध्ये आमच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीबद्दल (ऑफिसातली सगळी अकाउंट आणि कॉम्प्युटर सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) एक ओळ लाल रंगात होती. डोमेन कंट्रोलर एलडॅप साइनिंगची सक्ती करत नाही. डोमेन कंट्रोलर म्हणजे ही डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर, एलडॅप म्हणजे बाकीची मशीन तिच्याशी ज्या भाषेत बोलतात ती, आणि साइनिंग म्हणजे त्या बोलण्यातल्या प्रत्येक मेसेजवर सही. रिपोर्टमध्ये पुढे उपायही लिहिलेला, पॉलिसीत 'रिक्वायर साइनिंग' करा. वाचून कुणालाही वाटेल दोन मिनिटांचं काम आहे, आणि सेटिंग खरंच दोन मिनिटांचंच आहे हो, पण ते केल्यावर काय काय बंद पडेल हे रिपोर्ट लिहिणारा सांगत नाही, ते आपलं आपण शोधायचं आणि सगळा वेळ त्यातच जातो.

आधी धोका काय ते सांगतो, कारण मॅनेजर मंडळी पहिला प्रश्न हाच विचारतात, "आत्तापर्यंत चाललं ना, मग आत्ताच का?" पोर्ट ३८९ वर, म्हणजे एलडॅपच्या साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या पोर्टवर, कुणी सिंपल बाइंड (थेट नाव-पासवर्ड देऊन लॉगिन) केलं की युजरचं नाव आणि पासवर्ड दोन्ही उघडे नेटवर्कवरून जातात. हा एक भाग झाला. दुसरा भाग रिलेचा. एखाद्या मशीनचं एनटीएलएम (विंडोजची जुनी लॉगिन पद्धत) लॉगिन मध्येच कुणी पकडलं आणि तसंच्या तसं डोमेन कंट्रोलरच्या एलडॅपकडे ढकललं, तर साइनिंग नसताना सर्व्हरला त्यातलं काही कळत नाही, ज्याचं लॉगिन पकडलं त्याच्या अधिकाराने डिरेक्टरीत बदल करता येतात. पासवर्ड फोडायचीही गरज नाही. साइनिंग असलं की मधल्याकडे सेशन की (सही करायला लागणारी गुप्त किल्ली) नसते, तिथे तो अडकतो.

हे काही नवीन नाही. सीव्हीई-२०१७-८५६३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा नंबर) हे याच प्रकारातलं, २०१७ सालचं, ६३६ वरच्या, म्हणजे टीएलएसने एन्क्रिप्ट केलेल्या एलडॅपच्या पोर्टवरच्या, रिलेचं. मग ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने साइनिंग आणि चॅनेल बाइंडिंग (लॉगिनला त्याच टीएलएस कनेक्शनशी बांधणं) दोन्ही चालू करा अशी सूचना काढली, मार्च २०२० च्या अपडेटमध्ये त्यासाठी नवीन इव्हेंट आणि पॉलिसी आल्या, पण डिफॉल्ट मात्र बदलले नाहीत. त्यामुळे ज्यांनी हाताने काही केलं नाही त्यांची जुनी डोमेन होती तिथेच राहिली. सर्व्हर २०२५ वर नवीन डोमेन उभं केलं तर साइनिंग आपोआप सक्तीचं असतं, जुन्यांनी आपलं आपण बघायचं.

तर सुरुवात लॉगपासून. डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये २८८६ आणि २८८७ हे इव्हेंट पडतात. २८८६ म्हणजे नुसती कुरकुर, साइनिंग लावलेलं नाही म्हणून. २८८७ दर २४ तासांनी आकडा देतो की साइनिंगशिवाय इतके बाइंड झाले. आमचा आकडा बघून टीममधला एकजण म्हणाला, "सर, हे राहू द्या, पुढच्या वर्षी बघू." पण नुसत्या आकड्यावरून कोण ते कळत नाही. त्यासाठी रजिस्ट्रीत एनटीडीएसच्या डायग्नोस्टिक्समध्ये '१६ एलडॅप इंटरफेस इव्हेंट्स' ची व्हॅल्यू २ करायची, मग अशा प्रत्येक बाइंडला २८८९ पडतो आणि त्यात क्लायंटचा आयपी, कुठल्या अकाउंटने आला आणि बाइंडिंग टाइप असं सगळं मिळतं. टाइप १ म्हणजे सिंपल बाइंड, ० म्हणजे सासल (एनटीएलएम, केर्बेरोससारख्या पद्धतीने लॉगिन) आहे पण साइनिंग मागितलेलं नाही. हे सगळ्या डोमेन कंट्रोलरवर करा, एकावर करून भागत नाही, कारण कुठला क्लायंट कुठे जाईल सांगता येत नाही. आणि त्याआधी त्या लॉगची साइझ वाढवा, नाहीतर सकाळचे इव्हेंट दुपारपर्यंत पुसले जातात.

यादीत सगळ्यात वर एक आयपी होता जो कुणालाच ओळखीचा वाटेना. डीएचसीपीच्या (आयपी वाटणाऱ्या सर्व्हिसच्या) लीजमधून मॅक ॲड्रेस काढला, स्विचचं पोर्ट शोधलं, त्या मजल्यावर जाऊन बघतो तर कॉपियर. स्कॅन करून ईमेल पाठवताना तो डिरेक्टरीतून ॲड्रेस बुक काढत होता. म्हटलं ठीक आहे, पण २८८९ मधलं अकाउंटचं नाव वाचलं आणि जागीच उभा राहिलो. डोमेन ॲडमिन! मशीन बसवणाऱ्या माणसाने कधीकाळी सेटिंग चालेना म्हणून कुणाकडून तरी ॲडमिनचा पासवर्ड घेऊन टाकला असणार आणि नंतर ते कुणी बघितलंच नाही. खात्री करायला स्विचवर पोर्ट मिरर करून (म्हणजे त्याच्या ट्रॅफिकची कॉपी घेऊन) वायरशार्क हे ट्रॅफिक वाचायचं टूल लावलं, फिल्टरमध्ये एलडॅप टाकलं, कॉपियरवर एक नाव सर्च केलं, आणि बाइंड रिक्वेस्ट उघडली तर सिंपल या शब्दाच्या पुढे पासवर्ड सरळ वाचता येत होता, कॅपिटल अक्षरं आणि शेवटचा ॲट द रेटसुद्धा. त्याचा स्क्रीनशॉट पासवर्ड झाकून मॅनेजरना दाखवला, त्यानंतर "आत्ताच का" हा प्रश्न आला नाही. पासवर्ड त्याच दिवशी बदलला, कॉपियरला फक्त वाचण्यापुरतं वेगळं अकाउंट दिलं आणि ६३६ वर हलवला.

६३६ साठी डोमेन कंट्रोलरवर सर्टिफिकेट लागतं. आमच्याकडे अंतर्गत सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) होतंच, त्यामुळे केर्बेरोस ऑथेंटिकेशनचं टेम्प्लेट ऑटो एनरोलमेंटला लावलं, म्हणजे सर्टिफिकेट आपोआप मिळतं. त्याचा फायदा असा की सर्टिफिकेटमध्ये सर्व्हरच्या नावाबरोबर डोमेनचं नावही येतं, म्हणजे ॲप्लिकेशनला एकाच सर्व्हरला चिकटून बसावं लागत नाही.

खरं घोडं पेंड खात होतं जावाच्या एका जुन्या ॲप्लिकेशनमध्ये. रूट सर्टिफिकेट की-टूलने कीस्टोअरमध्ये टाकलं तरी हँडशेक (कनेक्शनची सुरुवातीची बोलणी) फेल. कॉन्फिगमध्ये सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी लिहिलेला होता, आणि जावा ८ च्या अपडेट १८१ पासून एलडॅप्स (६३६ वरच्या) कनेक्शनला सर्टिफिकेटमधलं नाव जुळतंय का ते तपासलं जातं, आयपी जुळणार कुठून. सपोर्टवाल्यांनी लगेच ती तपासणीच बंद करणारा फ्लॅग सुचवला. मी म्हटलं मॅडम, मग हे सगळं करतोय कशाला? एक ओळ बदलून आयपीच्या जागी नाव टाकलं, चालू झालं. हा फ्लॅग सुचवणारे बरेच भेटतील, शक्यतो ऐकू नका.

बाकी नॅस (नेटवर्कवरचं फाइल स्टोरेज), व्हीपीएनचा फायरवॉल, हजेरीचं सॉफ्टवेअर वगैरे पटापट झाले, बहुतेकांत फक्त एक टिक आणि पोर्ट बदलायचा असतो. एका जुन्या स्कॅनरला टीएलएस १.२ जमतच नव्हतं, त्याचं डिरेक्टरीशी कनेक्शन काढून टाकलं, आता त्यात पत्ते हाताने भरतात आणि मला शिव्या घालतात.

२८८७ चा आकडा खाली आला तरी लगेच सक्ती केली नाही. पगाराच्या आणि महिनाअखेरच्या रिपोर्टच्या स्क्रिप्ट महिन्यातून एकदाच जाग्या होतात, रोजच्या लॉगमध्ये त्या दिसतच नाहीत. महिनाअखेर जाऊ दिली आणि खरंच एक स्क्रिप्ट सापडली, टाइप ० वाली. मग आधी एकाच डोमेन कंट्रोलरवर साइनिंग सक्तीचं केलं, एलडीपी टूलने ३८९ वर सिंपल बाइंड करून बघितलं तर एरर ८, स्ट्राँग ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड. बरं वाटलं. २८८८ मध्ये नाकारलेल्यांचा आकडा येतो, तो बघत बघत बाकीच्यांवर लावलं. हेल्पडेस्कला आधी सांगून ठेवा, सगळ्या तक्रारी तिथेच जातात.

एक गोष्ट रिपोर्टमध्ये धड लिहिलेली नव्हती. साइनिंगने ६३६ वरचा रिले थांबत नाही, त्याला चॅनेल बाइंडिंग लागतं. आणि डिफॉल्टमध्ये साधा युजरही डोमेनमध्ये १० कॉम्प्युटर जोडू शकतो, त्यामुळे ६३६ वर रिले जमला तर नवीन कॉम्प्युटर अकाउंटही बनवता येतं. तो कोटा ० केला, ज्यांना मशीन जोडायची असतात त्यांना वेगळे अधिकार दिले. चॅनेल बाइंडिंग सध्या १ वर आहे, म्हणजे क्लायंटला जमत असेल तर तपासा. २ वर न्यायचंय, पण एका ॲप्लिकेशनसमोर लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरवर वाटणारा) आहे जो टीएलएस मध्येच तोडून पुन्हा जोडतो, अशाने बाइंडिंगचं टोकन जुळत नाही आणि ३०३९ हे टोकन चुकल्याचे इव्हेंट पडत राहतात. साधं सिंपल बाइंड करणाऱ्यांना याचा त्रास नाही, फक्त सासलवाल्यांना. नेटवर्क टीम तिथे टीएलएस सरळ आत सोडणार आहे, तेवढं झालं की २.