शंख बघू नका, चाचपा

शंख-शिंपला हातात आला की लोक आधी रंग बघतात. मी अंगठा फिरवते. रंग उन्हात विटतो, पण नक्षी अर्धी झिजली तरी नखाला लागत राहते.

तिसऱ्या, म्हणजे कालवणातले छोटे शिंपले, धुताना करून बघा. काठाला समांतर अशा बारीक वळ्या हाताला लागतील. आतल्या जिवाच्या अंगावर मऊ आवरण असतं, प्रावार. त्याची कड चुना घालत जाते आणि शिंपला काठाकडेच वाढतो. म्हणून बिजागरीजवळचा भाग सगळ्यात जुना. मध्येच एखादी खाच खोल लागली, तर तिथे वाढ अडली होती असं खुशाल समजावं.

म्युरेक्सची तऱ्हा और. आमचे काका जाळ्यातून हा काटेरी शंख सोडवताना त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. तो सलग वाढतच नाही. साधारण तिसरा हिस्सा वेढा झाला की थांबतो आणि काठावर जाड कणा उभारतो. प्रावाराची कड जागोजागी बोटासारखी लांबते, तिच्याभोवती चुना चढतो, तोच काटा. पुढच्या वेढ्याला जुने काटे आडवे आले तर स्वतःच ते विरघळवून टाकतो!

एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर शोधणाऱ्यांत मोठं नाव शंखांचे अभ्यासक गीरात व्हर्मे यांचं. जन्म १९४६, नेदरलँड्समधला. तिसऱ्या वर्षापासून दृष्टी नाही. शंखांचा सगळा अभ्यास बोटांनी. अमेरिकेत शाळेत असताना बाईंनी फ्लोरिडाहून आणलेले शंख हाती आले. मायदेशातले खडबडीत, खडूसारखे. हे गुळगुळीत आणि नक्षीदार. असं का, हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवला. १९७७च्या लेखात त्यांनी मांडलं, की कवच फोडणारे खेकडे आणि मासे जसे बळावले तसे शंखही जाड, अरुंद तोंडाचे, गाठीकाट्यांचे होत गेले. काट्यांमुळे शंख जबड्यात मावत नाही. उभ्या धारांनी कवचाला पन्हळी पत्र्यासारखा ताठपणा येतो. शिवाय फ्लोरिडासारख्या उबदार पाण्यात चुना घालणं स्वस्त पडतं, नेदरलँड्ससारख्या थंड पाण्यात महाग.

मग कवडी इतकी गुळगुळीत कशी? जिवंतपणी तिचा प्रावार दोन्ही बाजूंनी वर येऊन पाठ झाकतो आणि वरून चकाकीचे थर देतो. खेकड्याच्या नांगीला पकड मिळत नाही, आणि पोटाकडची दातेरी फट इतकी चिंचोळी की आत शिरकाव होणं कठीण. सारीपाटाच्या कवड्या खुळखुळवताना ते दात बोटाला लागतातच.

किनाऱ्यावरच्या दुकानांत आम्लात बुडवून, वार्निश मारून चकचकीत केलेले शंख मिळतात, त्यांचा मला मनस्वी राग येतो. धारा बोथट, वाढीच्या रेषा गायब. घ्यायचेच तर कोपऱ्यातल्या टोपलीतले, मळकट, न घासलेले मागा. बहुतेक दुकानदार ते निम्म्या भावात देतात, वर हसतातही.