बाराखडीचा फ्लिक कीबोर्ड: काना मात्रा बसले, दीर्घ वेलांटीने रडवलं

फोनवर अक्षरावरून बोट एका दिशेला ढकलून (म्हणजे फ्लिक करून) मराठी लिहायचा कीबोर्ड बनवतोय. मागच्या वेळी मी सांगितलं होतं की त्यासाठी डॉलर-वन रेकग्नायझर (बोटाने काढलेली रेघ ओळखणारा प्रोग्रॅम) वापरून बघतोय, तो काढून टाकला. २००७ चा आहे तो, कोड छोटा, समजायला सोपा, पण तो प्रत्येक रेघ आधी फिरवून एका ठरलेल्या कोनात आणतो आणि मग जुळवतो, म्हणजे माझी वर जाणारी रेघ आणि उजवीकडे जाणारी रेघ त्याला सारखीच दिसते!! आणि माझा सगळा खेळच दिशेवर आहे. आता बोट टेकलं तिथून उचललं तिथपर्यंतचा कोन काढतो, बस.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. जपानी फोनवर か (का) वर बोट ठेवून डावीकडे ढकललं की き (कि), वर く (कु), उजवीकडे け (के), खाली こ (को). ही तर बाराखडीच झाली ना! आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्वरचक्र कीबोर्डने हेच गोल चक्र दाखवून केलंय आणि ते मला मनापासून आवडतं, फक्त मला चक्राकडे न बघता लिहायचंय. म्हणून दिशा अक्षराच्या रूपावरूनच घेतल्या, काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली, वेलांटी वर-डावीकडे, ओकार वर-उजवीकडे, आणि सरळ डावीकडे ढकललं की पाय मोडतो. आईला दिला तर दोन मिनिटांत म्हणाली, "अरे, हे तर पाटीवर काढतो तसंच आहे."

अडलं ते ऱ्हस्व-दीर्घला. आधी ठरवलं होतं छोटा फ्लिक ऱ्हस्व, लांब फ्लिक दीर्घ, कागदावर फार सुंदर दिसत होतं. पण वेगात लिहिताना अंगठा आपोआप लांब जातो आणि 'किती' चं 'कीती' होतं, लांबीची मर्यादा वाढवली तर दीर्घ लागायलाच तयार नाही, बसमध्ये उभं राहून तर विचारूच नका. चार दिवस आकडे बदलत बसलो. शेवटी लांबी सोडूनच दिली, आता जाऊन परत आलं की दीर्घ. ढकल-सोड म्हणजे कि, ढकल-परत म्हणजे की. ऐ आणि औ पण तसेच. अंगठ्याला हे लांबीपेक्षा कितीतरी पक्कं कळतं.

वर आपलं व्याकरण पण मदतीला आलं, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार बहुतेक दीर्घच असतो, त्यामुळे स्पेस दाबली की शेवटचा ऱ्हस्व आपोआप दीर्घ करतो, आणि 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' असे शब्द वगळायच्या यादीत टाकलेत. यादी वाढतेय.

आणि सगळ्यात जास्त आनंद याचा झाला: र वर डावीकडे ढकल-सोड केलं की रफार, ढकल-परत केलं की ऱ्! म्हणजे दर्या (समुद्र) आणि दऱ्या (डोंगरातल्या) एकाच नियमात बसले, वेगळं बटण नाही की लाँग प्रेस नाही. आत मी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) पाठवतो, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायचं न दिसणारं चिन्ह) नाही. काही जुन्या मजकुरात झेडडब्ल्यूजेवाला असतो, दिसायला तोच पण सर्च केला की जुळत नाही, त्यामुळे शब्दकोश भरताना आधी सगळे एकसारखे करून घेतले.

बटणं ७ गुणिले ५. ङ आणि ञ काढले, ज्ञ ला स्वतःची जागा दिली, अ आणि अनुस्वार धरून बरोबर ३५ होतात.

राहिलंय काय तर अर्धचंद्र. बॅट, ऑफिस रोज लागतात, सध्या मात्रा देऊन बोट तसंच धरून ठेवावं लागतं, हे मला पटत नाहीये. दुसरं म्हणजे उजवा अंगठा 'वर' जाताना सरळ जात नाही, कमानीत झुकतो, त्यामुळे मात्रेच्या जागी ओकार लागत होता, म्हणून मी सगळे कोन १५ अंश फिरवून घेतलेत. डावखुऱ्यांसाठी हे उलट फिरवावं लागेल असा अंदाज आहे पण माझ्या घरात डावखुरं कोणीच नाही. कोणी असाल तर 'मेरे', 'मोरे', 'चेहरे', 'चोर' हे चार शब्द वीस-वीस वेळा लिहून कुठे चुकतंय ते कळवा.