आत्यांचा आडाकाठचा गुलाब

माघातल्या एका सकाळी आडाच्या कठड्यावर बसून मी एकाच फांदीवरच्या कळ्या मोजल्या. तेवीस भरल्या. गेल्या साली हीच फांदी सरळ वर गेली होती आणि शेंड्याला चार फुलं देऊन थांबली होती. दिवाळीनंतर मी तिला वाकवून आडवी बांधली. बाकी खतपाणी तेच, ऊन तेच.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात. मागे परडं, परड्यात आड आणि आडाशेजारी हा गुलाब. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाहून परतताना नंदगडहून याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. त्या त्याला नुसतं ‘आपला गुलाब’ म्हणायच्या. शेजारच्या अक्का कानडीत ‘पन्नीर गुलाबी’ म्हणतात आणि माझी मुलं ‘गावठी’. आत्या होत्या तोवर याला आणखी वेगळं नाव असेल असं कधी मनातच आलं नाही. त्या गेल्यावर आलं. झाड त्यांचं, आणि त्याची ओळख कुणी विचारली तर सांगता येऊ नये, हे मला लागलं.

आधी वाटलं, हा दमास्क असणार. कनौजच्या अत्तराचा तो. वास अगदी तसाच गोड आणि जड, जरासा मधासारखा. पण अत्तराचा दमास्क वर्षातून एकदाच, वसंतात फुलतो. आमचा दसऱ्याला फुलतो, माघात फुलतो, चैत्रात तर लगडतो आणि श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली तरी दोन-तीन कळ्या काढतो. मग मी पान उलटून बघितलं. दमास्कचं पान मऊ, राखाडी झाक असलेलं आणि खालून लवदार असतं. आमचं वरून तकाकतं आणि खालून गुळगुळीत आहे. नवी फूट तांबूस येते. दमास्कच्या फांदीवर लहानमोठे काटे आणि केसाळ कुसळं दाटीवाटीनं असतात. आमच्या फांदीवर काटे विरळ, पण मोठे आणि खाली वळलेले, पदरात अडकले की सुटत नाहीत. फूल गडद गुलाबी, वाटीसारखं खोल, आणि कळी फुगीर. बाजारातल्या डच गुलाबासारखी लांब टोकदार नाही.

हे सगळं जुळवत गेले तेव्हा वाट बोर्बन गुलाबांकडे निघाली. मॉरिशसशेजारी हिंदी महासागरात एक फ्रेंच बेट आहे. आज त्याला रेयुनियों म्हणतात. तेव्हा फ्रान्सच्या राजघराण्यावरून त्याचं नाव बोर्बन होतं. तिथले शेतकरी बांधाला गुलाबाचं कुंपण घालत, आणि त्यात दोन जाती शेजारी शेजारी असत: चीनचा फिकट गुलाबी बारमाही गुलाब आणि शरदात दुसऱ्यांदा फुलणारा दमास्क. त्यांचा संकर कुणी मुद्दाम केला नाही, कुंपणातच झाला. ब्रेआँ नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचं बी १८१९ च्या सुमारास पॅरिसजवळ ऑर्लिआंच्या ड्यूकच्या बागेत पाठवलं आणि तिथल्या झाक नावाच्या माळ्यानं ते पेरलं. तिथून पुढे शंभर वर्षं युरोपात या कुळाची एकेक फुलं निघत गेली: १८४३ चा ‘सुव्हनीर द ला मालमेझों’, १८५१ चा ‘लुईझ ओदिए’, १८६८ चा जवळजवळ बिनकाट्याचा ‘झेफिरिन द्रुएँ’. दमास्कचा वास आणि चिनी गुलाबाचं पुन्हा पुन्हा फुलणं एका झाडात आलं ते असं. आमच्या पानाची तकाकी चिनी आजीची आणि वास दमास्कचा, हे कळलं त्या दिवशी मी आडाकाठी बराच वेळ उभी होते.

याच कुळातला ‘रोझ एदुआर’ आपल्या देशात ‘एडवर्ड’ या नावानं रुळला. गुलाबपाण्याला आणि गुलकंदाला तो चालतो, आणि उत्तरेकडे कलमांना खुंट म्हणूनही वापरतात, म्हणजे त्याच्या मुळांवर दुसऱ्या गुलाबाचा डोळा बांधतात. त्यामुळे माझ्या मनात एक चित्र येतं. बेळगावच्या कॅम्पातल्या एखाद्या बंगल्यात मड्डमनं हौसेनं आणलेलं कलम असेल, वरचा डोळा मेला असेल, खालचा खुंट तगून फुलला असेल आणि माळ्याच्या हातून त्याच्या काड्या गावोगाव गेल्या असतील. हे माझं कल्पनेतलं चित्र, इतिहास म्हणून सांगत नाही. झाडापाशी पाटी लावली आहे तिच्यावरही ‘बोर्बन, एडवर्डच्या जवळचा’ एवढंच लिहिलंय. पान, काटा, फूल जेवढं बोलतात तेवढंच पाटीवर यावं, असं माझं ठाम मत झालंय.

त्याला कारणही आहे. मध्यंतरी एका रोपवाटिकेतून मी ‘झेफिरिन द्रुएँ’ मागवला. पाटी सुंदर, रोप तरतरीत, काटा एकही नाही, म्हणून मी खूश. दुसऱ्या वर्षी त्याला पांढऱ्या, एकेरी, रुपयाएवढ्या फुलांचे झुबके आले. तेव्हा कुठे मी पानाचा देठ जवळून बघितला. देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी चिकटलेली असते, तिला उपपर्ण म्हणतात. या रोपाच्या पट्टीला शालीच्या दशांसारखी झालर होती. ही झालर मल्टिफ्लोरा नावाच्या रानगुलाबाची खूण, म्हणजे हा कलमाचा खुंट. डोळा कधीच मेला होता आणि मी दोन वर्षं खुंटाला शेणखत घालत होते. आता कुठलाही गुलाब घेताना मी फुलाचा फोटो मागत नाही. आधी देठाचं बूड बघते. आत्यांचा गुलाब मात्र काडीवरचा आहे, स्वतःच्या मुळांवर. जमिनीतून कुठूनही फुटला तरी तोच.

आता वाकवण्याचं. बोर्बनच्या फांद्या लांब, पाच-सहा फुटी होतात. फांदी उभी असली की सगळा जोर शेंड्याच्या डोळ्याला मिळतो आणि खालचे झोपून राहतात. ती आडवी केली की शेंड्याचा वरचष्मा जातो, प्रत्येक डोळा फुटतो आणि प्रत्येक फुटव्याला फूल येतं. माझी सुरुवातीची चूक हीच, की डच गुलाबासारखी मी याचीही दर ऑक्टोबरात गुडघाभर छाटणी करायची. आत्या ओसरीवरून ओरडायच्या, “अगे, कापतीस कशाला? वाकव की त्याला!” मला ती म्हातारपणाची माया वाटायची. आता मी वाळलेलं, किडकं आणि फारच जून तेवढं काढते, बाकीच्या फांद्या बांबूच्या काठ्यांना सुतळीनं सैल बांधते. एकदम ओढायचं नाही. आठवड्याला थोडं थोडं, नाहीतर बुडात चिरते.

पावसाळा हा याचा वैरी. बेळगावचा पाऊस लागून राहिला की कळीच्या बाहेरच्या पाकळ्या चिकटतात, ती उमलतच नाही आणि तपकिरी गोळा होऊन कुजते. पानांवर काळे ठिपके येतात आणि आषाढअखेर झाड अर्धं उघडं पडतं. घाबरू नये. पडलेली पानं रोज झाडून जाळावीत. बुडाशी पाणी साचू नये म्हणून मी खानापूरकडची तांबडी माती घालून वाफा वीतभर उंच केलाय. छाटलेल्या तोंडांना बोर्डो मलम लावते: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं, आणि लोखंडी भांडं अजिबात नको.

गुलकंद चैत्रातल्या फुलांचाच. ऊन चढायच्या आत तोडायची, नाहीतर वास उडतो.

काड्या लावून माझ्या निम्म्या तरी कुजल्या, म्हणून आता दाब कलम करते. खाली वाकलेल्या फांदीला एका डोळ्याखाली तिरपा काप द्यायचा, फट मिटू नये म्हणून आत काडेपेटीची काडी, तेवढा भाग चार बोटं मातीत आणि वर फुटक्या कौलाचं वजन. दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात.

सध्या दोन कौलं ठेवली आहेत. एक फांदी अक्कांची. त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की पन्नीरची पहिली फुलं देवाला, मग मला. दुसरी मिरगाचा जोर ओसरला की नंदगडला नेणार. तिथलं मूळ झाड रस्ता रुंद करताना गेलं. आत्यांच्या भावजयीला, मामींना, फोन करून विचारलं, कुठे लावायचा? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “दारात नको गे आता. मागे परड्यात लाव, तिथं पाणी थांबत नाही.”