अर्ध्या डबकीभर डिझेलसाठी अग्निशमनची गाडी

नॉर्वेत 110 हा आगीचा नंबर. पाण्यात तेल सांडलं तरी हाच नंबर फिरवायचा. इथे तेलाच्या धंद्यात नोकरीला लागल्यापासून हा नियम मला ठाऊक होता. पण लोक तो खरोखर पाळतात हे परवा पाहिलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

स्टाव्हांगरच्या बंदरात एक गृहस्थ कॅनने आपल्या बोटीत डिझेल भरत होते. टाकी भरून ओसंडली. पाण्यावर रंगीत तवंग आला आणि हळूहळू शेजारच्या बोटीकडे सरकू लागला. माझ्यासोबत आमच्या इमारतीतले आजोबा होते. त्यांचं सगळं आयुष्य समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर गेलेलं. त्यांनी खिशातून फोन काढला, तोवर त्या गृहस्थांनीच फोन लावला होता. सांडलं त्यांच्याच हातून आणि कळवलंही त्यांनीच. नाव सांगितलं, जागा सांगितली, अंदाजे किती लिटर तेही सांगितलं. थोड्या वेळात गाडी आली. तेल शोषणारे लांबलचक पांढरे पट्टे पाण्यावर सोडून दोघांनी तवंग घेरला, तिसऱ्याने नोंद केली. कोणाचा आवाज चढला नाही. बोटवाले शेवटपर्यंत थांबले आणि भिजलेले पट्टे वर ओढायला त्यांनीही हात लावला.

संध्याकाळी बाबांना फोन केला. वणी तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा रात्र झाली होती, पण पंपाची लाइन रात्रीची असल्यामुळे ते जागेच होते. सगळं ऐकून म्हणाले, "तेवढं डिझल तं आपल्या डबकीच्या बुडाशी राह्यते व पोरी. त्याच्यासाठी गाडी आली?" मग थोडं थांबून, "अन् त्यानं सोताच फोन केला?"

बाबा गाडीपाशी अडकले नाहीत, फोनपाशी अडकले. मीही तिथंच अडकले होते.

माणूस आपणहून असा फोन का करतो, हे आजोबांना विचारलं तर ते थेट 1977 सालात गेले. 22 एप्रिल 1977 ला उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रातल्या ब्राव्हो प्लॅटफॉर्मवर दुरुस्ती चालू असताना विहीर उसळली. आतला दाब अचानक वर आला तर विहिरीचं तोंड बंद करता यावं म्हणून त्यावर मोठ्या झडपांचा संच बसवतात. त्या दिवशी तो संच उलटा बसवला गेला होता. आठ दिवस तेल समुद्रात जात राहिलं. शेवटी टेक्सासहून आलेल्या माणसांनी विहीर बंद केली. कोणाचा जीव गेला नाही. बरंचसं तेल हवेत उडून गेलं, उरलेलं लाटांनी फोडलं, आणि किनारा वाचला. आजोबांचं म्हणणं असं की त्या वेळी नुसतं "वाचलो" म्हणून भागलं असतं, पण चौकशी झाली आणि झडपांच्या मागे कामाची शिस्त कुठे ढिली होती तेही बाहेर आलं.

तीन वर्षांनी, 27 मार्च 1980 ला, कामगारांच्या राहण्यासाठी वापरला जाणारा अलेक्झांडर किलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म वादळात उलटला. 212 पैकी 123 माणसं गेली. एक उपकरण बसवण्यासाठी आधाराच्या दांड्यावर वेल्डिंग केलं होतं, तिथून तडा वाढत गेला होता. स्टाव्हांगरच्या किनाऱ्यावर त्या माणसांचं स्मारक आहे, तुटलेल्या साखळीचं. आजोबा तिथं जास्त बोलत नाहीत. गेलेल्यांतले कितीतरी त्यांच्या ओळखीचे होते.

माझं कामही या झडपांशी जोडलेलं आहे. तपासणीचे अहवाल वाचायचे, आकडा जुळत नसेल तर परत पाठवायचा. म्हणून मेक्सिकोच्या आखातातला अपघात मला फार जवळचा वाटतो. 20 एप्रिल 2010 ला डीपवॉटर होरायझन या विहीर खणणाऱ्या तरंगत्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला, 11 कामगार गेले. विहिरीचं तोंड सुमारे 1,500 मीटर खोल पाण्याखाली. विहिरीत भरलेलं सिमेंट टिकलं नव्हतं, आणि दाबाच्या चाचणीने ते सांगितलंही होतं. पण त्या चाचणीचा अर्थ "ठीक आहे" असा लावला गेला. मग शेवटचा आधार म्हणजे पाइप कापून तोंड बंद करणारी पाती. आत पाइप वाकल्यामुळे तीही नीट चालली नाहीत. 87 दिवस तेल वाहत राहिलं. अमेरिकी सरकारचा अंदाज 49 लाख बॅरलचा होता, न्यायालयाने पुढे त्याहून कमी आकडा धरला. बरोबर आकडा कोणता यावर वकील भांडत राहोत. मला त्या चाचणीपाशी थांबलेली माणसं दिसतात. काहीतरी चुकतंय हे कळण्याइतकी माहिती त्यांच्या समोर होती.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. 26 जुलै 2005 चा मुंबईचा पाऊस सगळ्यांना आठवतो. दुसऱ्याच दिवशी मुंबई हाय या अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रात एका जखमी माणसाला उतरवायला आलेलं जहाज प्लॅटफॉर्मच्या पाइपवर आदळलं, आग लागली, दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला आणि 22 जणांचा जीव गेला. ही आग किती जणांना आठवते? वणीत तर मी कोणाच्या तोंडून तिचा उल्लेखही ऐकला नाही. आणि मुंबई हायचं तेल आपल्याला परकं नाही. 1974 मध्ये ते सापडलं तेव्हा देशाला केवढा आधार वाटला होता, हे बाबा अजून सांगतात.

हे सगळं मनात असताना इथल्या ग्रंथालयात तेलावरच्या चर्चेला गेले. नॉर्वेत हा वाद जुना आहे. नव्या विहिरी खणायच्या की नाही, उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांजवळ, कॉड माशांच्या समुद्रात शिरायचं की नाही, यावर सरकारं अडखळतात. लोफोटेनचा भाग अजून तेलासाठी उघडलेला नाही आणि ते मला पटतं. चर्चेनंतर विद्यापीठातली एक मुलगी बोलायला आली. चांगली, तळमळीची मुलगी. म्हणाली, भारताने तरी आमच्या वाटेने जाऊ नये. तेल वापरणं सोडायला आता सुरुवात करायलाच हवी.

मला राग आला. तो अजून पूर्ण गेलेला नाही, म्हणून लिहिते.

55 लाखांच्या आसपास लोकसंख्येचा हा देश आपलं तेल आणि वायू जवळजवळ सगळं बाहेर विकतो. त्या पैशाचा निधी त्यांनी 1990 मध्ये कायद्याने उभा केला आणि आज जगभरच्या शेअर बाजारातल्या कंपन्यांचा जवळपास दीड टक्का त्या निधीकडे आहे. घरातली वीज धरणांची. 2024 मध्ये विकल्या गेलेल्या दर 100 नव्या गाड्यांपैकी 89 विजेवरच्या होत्या. हे सगळं मनापासून कौतुकाचं आहे. तेल सापडल्यावर इतकं डोकं ठिकाणावर ठेवणारे देश थोडे. पण तेल सोडायची ऐपत त्यांना तेलानेच दिली. आपण कच्चं तेल 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. आमच्या गावात बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. डिझेल वाढलं की ट्रॅक्टरवाला नांगरटीचा तासाचा दर वाढवतो, थ्रेशरवाला वाढवतो, बाजार समितीपर्यंतचं भाडं वाढतं. सोयाबीनचा भाव मात्र तिथंच. ठिबकच्या नळ्या तेलाच्या, मल्चिंगचा कागद तेलाचा, युरिया वायूचा. आमचा शेतकरी तेलात बुडालाय तो चैनीसाठी नव्हे. एका नॉर्वेजियन माणसाच्या वाट्याला जेवढं तेल येतं त्याच्या पासंगालाही आपला माणूस पुरत नाही. हे मी त्या मुलीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग तू या धंद्यात का आहेस?

माझा पगार तेलातून येतो. घरच्या विहिरीचं कर्ज त्यातून फिटलं, भाचीचं नागपूरचं शिक्षण त्यातून चालतं. याची मला लाज नाही. मी उठून गेले म्हणून एकही विहीर बंद होणार नाही, अहवाल वाचणारे दोन डोळे तेवढे कमी होतील. ते डोळे कुठे कमी पडले की काय होतं, ते वर लिहिलंच आहे. सौर पंप, इथेनॉल, विजेवरचे ट्रॅक्टर, सगळं यायला हवं. दादाने सौर पंपासाठी अर्जही केला आहे. पण ते येईपर्यंत जे तेल निघतं ते सांडता कामा नये, आणि सांडलं तर लपता कामा नये, हे कोणीतरी पाहायला हवंच.

राग ओसरत गेला तसं मला आमचं वावर दिसायला लागलं. आमचा धुरा कोळशाच्या रस्त्याला लागून आहे. खाणीचे ट्रक ताडपत्रीशिवाय जातात. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की रस्त्याकडच्या तासांमधली, म्हणजे ओळींमधली, कापसाची बोंडं फुटतात ती करड्या रंगाची. पानावर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. वेचणाऱ्या बायका त्या तासांतला कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधतात, कारण खरेदीदार तो पाहिला की भाव पाडतो. लहानपणापासून मी हे पाहत आले. या काळ्या कापसाची एकही नोंद मला कुठे दिसलेली नाही. किती क्विंटल काळा झाला, किती भाव तुटला, कोणत्या महिन्यात जास्त, काहीच नाही. बोलणं मात्र रोजचं. पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नात.

स्टाव्हांगरमध्ये थोडंसं डिझेल सांडलं त्याची तारीख, वेळ आणि लिटर लिहून ठेवलेले आहेत. आमच्या गावात अख्ख्या हंगामाचा कापूस काळा होतो आणि कागदावर काहीच घडलेलं नसतं. मला तेलाच्या वादापेक्षा हे जास्त लागलं. ते लोक आपल्याहून भले आहेत असं मी म्हणत नाही. ब्राव्होवर झडप उलटी बसवणारीही त्यांचीच पिढी होती. पण त्यांनी लिहायची सवय लावून घेतली. ती सवय लावायला तेलाचा निधी लागत नाही.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "कोणाले सांगाचं? आइकते कोण?" बरोबर आहे त्याचं. इथं फोन केला की गाडी येते म्हणून माणूस फोन करतो. आपल्याकडे गाडी येत नाही हा अनुभव पिढ्यांचा आहे. तरी मी हट्ट धरला, कारण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचं असो की भरपाई मागायची असो, हातात तीन महिन्यांच्या नोंदी असलेल्या माणसाला "पुरावा काय?" म्हणून परत पाठवणं अवघड जातं.

दादाने वही केली आहे आणि ग्रामसभेत विषय मांडायला तो तयार आहे. रस्त्याला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांनी त्याच्याकडून नमुना घ्यावा. मी तो मराठीत करून पाठवला आहे: तारीख, वेळ, गट नंबर, वारा कोणत्या बाजूचा, ट्रकवर ताडपत्री होती की नाही, काळा कापूस किती किलो, भाव किती तुटला, आणि सोबत फोनवर काढलेला फोटो. वेचणी सुरू व्हायच्या आधीपासून लिहा, म्हणजे स्वच्छ बोंडांचा फोटोही हाताशी राहील.