मोटर घुमते, उचलत नाही

रविवारी दुपारी हार्ड डिस्क लावली, तर ती 'टुक' म्हणाली. जरा थांबून पुन्हा 'टुक'. दिवा लागलेला, लॅपटॉपवर मात्र तिची कसलीच दखल नाही. उंबऱ्यावर पाहुणा उभा आहे, बेल वाजवतोय आणि आत कुणाला ऐकूच जात नाही, असं काहीतरी.

ही डिस्क मी 2012 च्या सुरुवातीला घेतली. आदल्या वर्षी थायलंडात पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इकडे भाव कडाडले. 500 जीबीला मोजलेले पैसे आठवले की अजून जिवावर येतं. शिवाय उघडल्यावर दिसल्या 465च. दुकानदाराशी भांडायचीच बाकी होते. मग कळलं, की कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. दुधात पाणी नव्हतं, माप वेगळं होतं.

सगळ्यांनी करायचं ते मीही केलं. काढली, लावली. पिन फुंकली (का, ते विचारू नका). लॅपटॉप बंद करून चालू केला. मग डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे डिस्क दिसली, पण तिला C, D सारखं अक्षर मिळालेलं नसलं, तर काम सोपं. एक अक्षर द्यायचं, झालं. 'फॉरमॅट करू का?' असं विचारलं तर मुकाट 'नको' म्हणायचं आणि आधी आतला माल बाहेर काढायची सोय बघायची. माझ्या डिस्कचं तर यादीत नावच नव्हतं. आणि ते 'टुक' चालूच.

त्या टुकटुकीची धास्ती उगाच नव्हती. आत तबकडी असते, मिनिटाला 5,400 फेरे घेणारी. तिच्यावर वाचणारं डोकं टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपला केस त्या फटीपुढे म्हणजे वडाचं खोड. ते डोकं बिघडलं असेल तर दर वेळी चालू करून बघणं म्हणजे मुरगळलेल्या पायावर 'दुखतंय का' म्हणून उड्या मारणं. म्हणून हात आखडता घेतला आणि घरच्या ग्रुपवर विचारलं. हीच चूक झाली. आत्येभावाने लिहिलं, फ्रीजरमध्ये ठेव तासभर. आत दव धरलं तर तबकडीचं काय होईल, हे मी लिहीपर्यंत आईने स्वयंपाकघरातून निकाल दिला, "फ्रीजरमध्ये मटार आहेत. जागा नाही."

बाबा एवढा वेळ पेपर वाचत होते. त्यांची सगळी नोकरी वीज मंडळात, त्यातली बरीचशी करमाळा-बार्शीकडच्या गावांत. मंडळाच्या 2005 साली कंपन्या झाल्या, पण आमच्या घरात ते अजून 'बोर्ड'च आहे. ते उठले, डिस्क तळहातावर घेतली आणि कानाला लावली. डोळे मिटून.

"हिच्यात मोटर आहे का गं?"

"आहे ना बाबा. छोटीशी."

"मग ती उचलत नाहीये. घुमते आणि बसते."

मला हसू आलं. मग आलं नाही. कारण पुढे ते जे म्हणाले, ते मी दोन तासांत वाचलेल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा सरळ होतं. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या शेतकऱ्याची तक्रार नेहमी हीच असायची: साहेब, मोटर घूं करते, पाणी काढत नाही. मोटर चांगली असायची. टोकापर्यंत विजेचा दाबच पोचायचा नाही. चालत्या मोटरीला भागतं थोडक्यात. उठतानाच तिला जास्त लागतं.

तंतोतंत. खिशात मावणाऱ्या अशा डिस्कला फिरायला लागताना एक अँपिअरच्या आसपास करंट लागू शकतो. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टचा नियम 500 मिलिअँपिअरचा, 3.0 चा 900 चा. आता माझी व्यवस्था बघा. लॅपटॉपला एक हब, हबला माऊस, कीबोर्ड, मोबाइलची चार्जिंगची वायर, आणि त्यातूनच दीड मीटर लांब, शेवयीसारख्या बारीक केबलने ही डिस्क. टेबलाखाली दिसू नये म्हणून मीच हौसेने आणलेली केबल.

बाबांनी हब उचलून उलटसुलट पाहिला. "एका घराचं कनेक्शन, त्यावर चार घरं. हा तर आकडा टाकलाय तू!"

चोर घरातच सापडला होता. मूळची केबल शोधायला श्रीखंडाचा डबा काढला. प्रत्येक मराठी घरात असा एक डबा असतो, ज्यात श्रीखंड सोडून सगळं असतं. बारीक पिनेचा नोकियाचा चार्जर निघाला, दोन सिमकार्डांचे सांगाडे, कुठल्याशा कुलपाची किल्ली. आणि तळाशी ती केबल. जेमतेम दोन वीत लांब, टोकाला ते रुंद, दोन खोल्यांचं तोंड. ती सापडली नसती तर पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तापकीर गल्ली गाठावी लागली असती, आणि रविवारी बुधवार पेठेत गाडी लावायला जागा शोधणं हा वेगळा लेख आहे.

हब बाजूला ठेवला. केबल थेट लॅपटॉपच्या निळ्या, म्हणजे 3.0 च्या पोर्टात. एक क्षण काहीच नाही. मग 'टुक' नाही, तर आधी बारीक आणि चढत जाणारी एक घरघर, मांजर मांडीवर बसल्यासारखी. बाबांनी बोट वर केलं. "घेतला लोड."

स्क्रीनवर फोल्डर उमटले: 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर 2', 'नक्की हेच', 'नक्की हेच जुनं'. काय आहे ते नंतर बघू म्हणून सगळंच दुसऱ्या डिस्कवर टाकायला घेतलं. कॉपीच्या खिडकीने आधी सांगितलं 2 दिवस, मग 40 मिनिटं, मग 3 तास. बाबा पेपरकडे परत गेले नाहीत. खुर्ची ओढून, दोन बोटं डिस्कवर ठेवून बसले.

तेवढ्यात आत आईने चटणीसाठी मिक्सरचं भांडं बसवल्याचा आवाज आला.

"अगं, आत्ता मिक्सर नको लावूस!"

"बाबा, लॅपटॉप बॅटरीवर चाललाय."

"असू दे. चटणी नंतर होईल."