पुढच्या फोनचं नाव

आज पऱ्हाटीच्या वावरात शिदोरी सोडली अन् भाचा म्हणे, "मामा, पुढच्या फोनचं नाव काय ठेवतीन?" अर्धा तास तेच चाललं. आकड्यांचा नेम नाहीच बाप्पा! २०१७ मध्ये ॲपलनं आयफोन ८ च्या जोडीला थेट एक्स, म्हणजे दहा काढला. ९ आलाच नाही. वनप्लसनं ४ गाळला. सॅमसंग २०२० मध्ये एस१० वरून एस२० वर गेलं.

डिझाइनमध्ये मला खरा आवडलेला बदल एकच, २०२३ च्या आयफोन १५ ला आलेलं टाइप-सी, म्हणजे बाकीच्या फोनवालंच चार्जिंगचं तोंड. घरात एक चार्जर सगळ्यायले पुरते, अन् लाइन चार तास असली की ते लय मोठं वाटते.

भाच्यानं धुऱ्यावर मातीत काडीनं नवा फोन काढला, कॅमेरे आडव्या पट्टीत. मी म्हटलं, माझ्यासाठी भर उन्हात दिसणारी स्क्रीन काढ.