स्टॅफर्ड गॅम्बिट: सी३ येईपर्यंतची मजा

बुद्धिबळातल्या पेट्रोव्ह बचावात पांढऱ्याने घोड्याने ई५ चं प्यादं मारलं की काळ्याने डी६ खेळून त्या घोड्याला हुसकावायचं, ही सरळ रीत. स्टॅफर्डवाले ती मोडतात आणि हल्ल्यासाठी प्यादं सोडून देतात; गॅम्बिट म्हणतात ते यालाच. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा×ई५ घोडा सी६ ४. घोडा×सी६ डी×सी६ (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची खेळी, × म्हणजे मारणं). एक प्यादं गेलं ते गेलंच. इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रामला, विचाराल तर पांढरा जवळजवळ जिंकल्यात जमा. तरीही ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, हा प्रकार भलताच चालतो. आंतरराष्ट्रीय मास्टर एरिक रोझेनने तो ऑनलाइन घरोघरी पोचवला.

चौथ्या खेळीला बी प्याद्याने मारू नका. डी प्याद्याने मारलं की डी फाइल (डी घरांची उभी रांग) वजिराला मोकळी होते आणि सी८ च्या उंटालाही वाट मिळते. दुसरा उंट तर सी५ वर जाऊन एफ२ कडे डोळे लावायला तयारच असतो. प्याद्याच्या बदल्यात मिळतं ते एवढंच, आणि सगळे सापळे यातूनच निघतात.

सगळ्यात गाजलेला सापळा: ५. डी३ उंट सी५ ६. उंट जी५?? (?? म्हणजे घोडचूक, ! म्हणजे जोरदार खेळी) घोडा×ई४! पांढऱ्याने हावरटपणे वजीर खाल्ला (७. उंट×डी८), तर उंट×एफ२ शह, ८. राजा ई२ उंट जी४ मात. वजिराऐवजी घोडा खाल्ला, ७. डी×ई४, तरी उंट×एफ२ शह आहेच. राजाने तो उंट घेतला की डी१ चा वजीर बिनराखणीचा, आणि मधे डी फाइल उघडी. ५. ई५ घोडा ई४ ६. डी३? लाही हेच औषध: उंट सी५! ७. डी×ई४ उंट×एफ२ शह ८. राजा ई२ उंट जी४ शह, आणि वजीर गेला. इथे पांढऱ्याने ६. डी४ खेळून सी५ चं घर आधीच रोखायला हवं होतं.

माझ्या मते खरी गंमत त्याच्या पुढच्या प्रकारात आहे, कारण तिथे पांढऱ्याच्या खेळ्या अगदी शहाण्या दिसतात. ५. डी३ उंट सी५ ६. उंट ई२ एच५ ७. कॅसलिंग घोडा जी४ ८. एच३ वजीर डी६! आता एच२ वर मात करण्याची धमकी आहे. ९. एच×जी४ एच×जी४, एच फाइल उघडली, एच८ चा हत्ती जागचा न हलता खेळात आला. १०. जी३ ने वजिराची वाट अडवल्यासारखी वाटते, पण वजीर×जी३ मात! एफ२ चं प्यादं वजिराला मारू शकत नाही, कारण सी५ च्या उंटाने ते राजाला बांधून ठेवलंय. पट मांडून हे एकदा स्वतः बघा.

आता बिघडतं कुठे? सहाव्या खेळीला उंट ई२, सातव्याला सी३. बास. काळ्याने घोडा जी४ खेळला तर ८. डी४, आणि सी५ च्या उंटाची वाट बंद. उंटाला मागे यावं लागतं, पांढऱ्याकडे भक्कम केंद्र आणि वर एक प्यादं. दुसरा उतारा ५. घोडा सी३ उंट सी५ ६. एच३. घोड्याला जी४ मिळत नाही म्हणून बरेच जण इथे चिडून ६... उंट×एफ२ शह ७. राजा×एफ२ घोडा×ई४ शह ८. घोडा×ई४ वजीर डी४ शह करत सुटतात. ९. राजा ई१ वजीर×ई४ शह १०. वजीर ई२, आणि काळ्याला एका प्याद्यासाठी अख्खा उंट मोजावा लागलेला असतो. असा बळी देऊ नका. समोरच्याला सी३ किंवा एच३ माहीत आहे असं दिसलं की सापळे विसरायचे, वजिरांची मारामारी टाळायची आणि एका प्याद्याने मागे राहून चिवटपणे खेळायचं. लांब वेळेच्या डावात तर हे ओपनिंग काढूच नये.

आणि समोरच्याने घोडा मारलाच नाही तर? ४. घोडा एफ३ ला घोडा×ई४, प्यादं परत, डाव जवळपास बरोबरीत. ४. घोडा सी३ आली तर घोडा×ई५ ५. डी४, म्हणजे हॅलोवीन गॅम्बिट. आता समोर एक घोडा कमी असलेला पांढरा आहे, आणि उतारा तुम्हाला पाठ असायला हवा.